वैद्यकीय सेवा : सेवाभाव आणि सेवाशर्ती

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी हा विषय सुचविला तेव्हा मी थोडा बिचकलो. मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत शिरलेला आणि तीस वर्षे तिथेच रमलेला मनुष्य. आणि आज तर पुढच्या दोन रांगांत वैद्यकीय महाविद्यालयातील तरुण डॉक्टर मंडळी बसलेली दिसत आहेत. त्यांच्यातील दोघे-तिघे डोळे मिटून ऐकत आहेत. ते का, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला मुळीच राग नाही. त्यांच्या साक्षीने प्रथम एक कबुली देतो.

जुलै २००९ मध्ये महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांनी विद्यावेतनवाढीसाठी संप केला होता. ‘मार्ड’ हे त्यांच्या संघटनेचे नाव आपण सर्वांनी ऐकले असेल. मी तेव्हा एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात गेलो. खेड्यातून मुलाला घेऊन आलेला एक वृद्ध शेतकरी पायरीवर बसला होता. त्याचे छायाचित्र घेतले, चार वाक्ये लिहून घेतली आणि ‘डॉक्टर संपावर, रुग्ण वाऱ्यावर’ असा मथळा देऊन मोकळा झालो. बातमीत एकही अक्षर खोटे नव्हते. पण फाटकाच्या दुसऱ्या बाजूला मांडवात बसलेल्या मुलामुलींना ‘तुम्ही इथे का बसलात?’ एवढा प्रश्न विचारण्यासाठी मी वीस पावले चाललो नाही.

पंधरा दिवसांनी कार्यालयात एक पत्र आले. पहिल्या वर्षाच्या एका निवासी डॉक्टर मुलीचे. शिवीगाळ नाही, टीकाही नाही. वहीच्या एका पानावर तिने आपल्या एका आठवड्याच्या कामाच्या वेळा लिहून पाठविल्या होत्या आणि खाली ‘कृपया बेरीज करावी’ एवढेच. मी बेरीज केली. ती शंभराला दोन कमी भरली. ते पत्र मी छापले नाही. संप मिटला होता, विषय शिळा झाला होता. वृत्तपत्रात असेच चालते. पण तो कागद मी फेकलाही नाही. आज तोच सोबत घेऊन आलो आहे.

हे अठ्ठ्याण्णव तास कसे होतात ते आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांना समजून घ्यावे लागेल, कारण बाहेरून ते दिसत नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयात प्रत्येक विभागाची पथके असतात, त्यांना ‘युनिट’ म्हणतात. वर प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि खाली तीन वर्षांचे निवासी डॉक्टर. आठवड्यातील एक दिवस त्या युनिटचा ‘इमर्जन्सी’चा. त्या दिवशी सकाळी आठला मुलगी कामावर उभी राहते. दिवसभर आणि रात्रभर अपघात, विषबाधा, सर्पदंश, झटका आलेले रुग्ण येत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिची पाळी संपत नाही. रात्री दाखल झालेल्या सगळ्यांची माहिती घेऊन ती वरिष्ठांसमोर फेरीला उभी राहते, मग तपासण्या, मग कागदपत्रे. रात्री आठ वाजतात तेव्हा छत्तीस तास पूर्ण झालेले असतात. पत्रातल्या मुलीने मंगळवारच्या रकान्यात ‘झोप : दीड तास, खुर्चीत’ असे लिहिले आहे.

आणि या छत्तीस तासांत ती फक्त वैद्यकी करते असेही नाही. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत कोण नेतो? ती. क्ष-किरण विभागापर्यंत ट्रॉली कोण ढकलतो? पुष्कळदा तीच. रक्तपेढीतून पिशवी आणणे, अहवाल शोधणे, नातेवाइकांना चिठ्ठी देऊन बाहेरून औषध आणायला पाठविणे आणि त्यांचा संताप अंगावर घेणे, ही सारी तिचीच कामे. कारण वॉर्डबॉयची, सफाई कामगारांची, तंत्रज्ञांची पदे वर्षानुवर्षे रिकामी असतात. शिपायाचे पद रिकामे राहिले की त्याचे काम देशातील सर्वांत कठीण प्रवेशपरीक्षांपैकी एक उत्तीर्ण झालेली मुलगी करते. ही सरकारची काटकसर! हिशेबनीसाच्या दृष्टीने ती काटकसर असेलही, परंतु पहाटे चार वाजता इंजेक्शनची मात्रा मोजणाऱ्या हाताला ती केवढ्याला पडते, याचा हिशेब कुठल्याच खात्यात मांडला जात नाही.

याला नियम नाहीत असे समजू नका. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याची सुट्टी मिळावी, असे स्वच्छ लिहिलेले आहे. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करून शिफारस केली की निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांवर जाऊ नये आणि त्यांना रोज सात-आठ तास झोप मिळावी. तज्ज्ञांच्या राष्ट्रीय समितीला ‘माणसाला झोप लागते’ अशी शिफारस करावी लागते, यावरून परिस्थितीचा अंदाज यावा.

आता वेतनाकडे वळू. मुळात याला वेतन म्हणतच नाहीत, ‘विद्यावेतन’ म्हणतात आणि या एका शब्दात साऱ्या भांडणाची मेख आहे. निवासी डॉक्टर हा विद्यार्थी की कर्मचारी? तो रजा मागतो, भविष्यनिर्वाह निधी मागतो, तेव्हा शासन सांगते, तुम्ही विद्यार्थी आहात. तो संपावर जातो, तेव्हा तेच शासन अत्यावश्यक सेवा कायद्याचा, म्हणजे ‘मेस्मा’चा बडगा उगारते आणि सांगते, तुम्ही अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी आहात. दोन्ही टोप्या शासनाच्याच खिशात, आणि ज्या दिवशी जी सोयीची ती डॉक्टरच्या डोक्यावर. इंटर्न म्हणजे पदवीच्या उंबरठ्यावरचे डॉक्टर. २०१८ मध्ये ते संपावर गेले तेव्हा त्यांना महिन्याला ६ हजार रुपये मिळत होते, म्हणजे दिवसाला दोनशे. या सभागृहाबाहेर मांडव घालणाऱ्या माणसाला आज संयोजकांनी किती दिले, ते त्यांना विचारा.

पुढे ती रक्कम वाढली. निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनातही फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दहा हजारांची वाढ मान्य केली. त्याचे स्वागत. पण ती केव्हा झाली? संपाचे हत्यार उपसल्यानंतर. २००९ पासून मी हेच पाहत आलो आहे. निवेदन द्यावे, मंत्रिमहोदयांनी आश्वासन द्यावे, फाइल वित्त विभागात जाऊन निजावी, संप व्हावा, रुग्णांचे हाल व्हावेत, बैठक व्हावी, वाढ व्हावी. संप केल्याशिवाय फाइल हलत नाही हा धडा डॉक्टरांना कुणा लाल बावट्याने दिलेला नाही. तो सरकारने दिला आहे, आणि त्यात सर्व पक्षांची सरकारे आली. आपल्या विचारांचे लोक सत्तेवर आहेत म्हणून मी हे वाक्य गिळणार नाही. गिळले तर २००९ मध्ये न छापलेल्या पत्रासारखीच ती दुसरी चूक होईल.

आणि प्रत्येक संप पैशासाठी असतो हेही खरे नाही. जानेवारी २०२३ च्या आरंभी सुमारे सात हजार निवासी डॉक्टर संपावर गेले. त्यांच्या मागण्या काय होत्या? वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १४३२ पदे निर्माण करा आणि वसतिगृहे राहण्यायोग्य करा. ‘आमच्या मदतीला आणखी माणसे द्या’ ही मागणी करणाऱ्याला लोभी कसे म्हणता येईल?

बंधूंनो, मारहाणीचा विषय टाळता येत नाही. १२ मार्च २०१७ रोजी धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अस्थिरोग विभागातील एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी इतके मारले की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. पाठोपाठ मुंबईत शीव रुग्णालयातही हल्ला झाला. सुमारे चार हजार डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले आणि राज्यभरात अकराशे सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन सरकारने न्यायालयात दिले. वास्तविक महाराष्ट्रात २०१० पासूनच यासाठी स्वतंत्र कायदा आहे. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. कायदा आहे, पण पहाटे तीन वाजता अपघात विभागाच्या दारात पंचवीस माणसांचा जमाव येतो तेव्हा तिथे कायदा नसतो. एक निःशस्त्र पहारेकरी असतो आणि तोही कंत्राटी.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयात जे घडले, त्याने सारा देश हादरला. प्रदीर्घ पाळीत काम करणारी ती डॉक्टर रात्री विसाव्यासाठी चर्चासत्राच्या दालनात गेली होती. हक्काची, आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली तिला नव्हती. राक्षसी कृत्य करणाऱ्याला जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिगट नेमला. बंगालच्या राज्यकर्त्यांनी त्या प्रकरणी जी टाळाटाळ केली ती आपल्या साप्ताहिकांतून आपण सविस्तर वाचली आहे. मी फक्त एवढेच विचारतो की आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात रात्रपाळीच्या मुलीला कडी लागणारी खोली आहे का, हे आपल्यापैकी कुणी जाऊन पाहिले? कोलकात्यासाठी मेणबत्ती लावणे सोपे आहे. हे पाहायला तर रिक्षाचे भाडे पुरते.

आता नांदेड. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात बालके होती. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात अठरा. नांदेडची बातमी आली आणि सत्तारूढ आघाडीतील एक खासदार रुग्णालयात पोहोचले. त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. कॅमेरे चालू होते. स्वच्छता हे हलके काम आहे असे मी म्हणणार नाही; समरसतेचा विचार मानणाऱ्या आपल्याला तसे म्हणताच येणार नाही. प्रश्न वेगळा आहे. सफाई कामगारांची पदे भरायला मान्यता मंत्रालयातून येते. खाटांच्या क्षमतेच्या दुपटीहून अधिक बालके अतिदक्षता कक्षात दाखल होती, ती आजूबाजूच्या जिल्ह्यांतून शेवटच्या घटकेला पाठविलेली होती. औषधखरेदी आधी हाफकिनकडे, मग २०२३ मध्ये नव्या प्राधिकरणाकडे, आणि मधल्या काळात रुग्णालयांची कपाटे रिकामी. यातल्या कुठल्या गोष्टीचा झाडू त्या अधिष्ठात्यांच्या हातात होता? नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून अकरा रुग्ण दगावले, तेव्हाही अटक झाली ती एका डॉक्टर महिलेला आणि परिचारिकांना. आपत्ती आली की सर्वांत खालचा माणूस पकडायचा आणि वरच्याने दौरा करायचा, ही रीत झाली आहे.

२०२३ मध्ये १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय उत्तमच होता. पण उपचार निःशुल्क झाले की गर्दी वाढते, आणि गर्दी वाढली की माणसे वाढवावी लागतात, हे दुसरे वाक्य निर्णयाच्या कागदावर नव्हते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. दुसरीकडे महाविद्यालये वाढत आहेत. २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१ हजार जागा होत्या, २०२४ मध्ये त्या एक लाख बारा हजारांवर गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच दिवशी महाराष्ट्रात गडचिरोलीपासून हिंगोलीपर्यंत दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. मागास जिल्ह्याला महाविद्यालय मिळणे ही अभिमानाची गोष्ट आहे. पण इमारतीवर फलक लागतो एका दिवसात, आणि शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक तयार व्हायला दहा वर्षे लागतात.

मग डॉक्टरांनी संप करावा का? मला विचाराल तर तातडीच्या सेवेत संप होता कामा नये. या मतावर मी २००९ मध्येही होतो आणि आजही आहे. कारण संपाची झळ मंत्र्याला लागत नाही, तुम्हा-आम्हालाही फारशी लागत नाही. आपण विम्याचे कार्ड घेऊन खासगी रुग्णालयात जातो. ती त्या पायरीवर बसलेल्या शेतकऱ्याला लागते, ज्याला दुसरे दार नाही. समोर बसलेल्या डॉक्टर मित्रांनो, तुमचा राग रास्त आहे, पण तो ज्याच्या अंगावर फुटतो तो तुमचा शत्रू नव्हे.

मात्र संप करू नका असे सांगणाऱ्याने पर्यायही दिला पाहिजे. दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन केला, त्या संघटनेची घोषणा आपल्याला पाठ आहे : ‘देश के हित में करेंगे काम, काम के लेंगे पूरे दाम.’ आपण बहुधा पहिला अर्धा भाग मोठ्याने म्हणतो. दुसरा अर्धा भाग तितकाच ठेंगडींचा आहे. वर्गसंघर्षाची भाषा त्यांना नको होती, पण श्रमिकाने अर्धपोटी राहून राष्ट्रकार्य करावे असे त्यांनी कधी म्हटले नाही. तेव्हा विद्यावेतन महागाई निर्देशांकाशी जोडून टाका, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी मांडव घालावा लागणार नाही. ते महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा करा. कामाच्या तासांची नोंद ठेवा आणि मर्यादा ओलांडली तर अधिष्ठाता व सचिव दोघांनाही जाब विचारा. वाद झालाच तर ठरावीक मुदतीत निर्णय देणारा लवाद असू द्या, ज्याचा निर्णय वित्त विभागावरही बंधनकारक असेल. असा लवाद दिला, तर संपबंदीचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार शासनाला मिळेल, त्याआधी नाही.

आपल्या परिवारात ‘सेवा’ हा शब्द फार मोठा आहे, म्हणून त्याविषयी थोडे परखड बोलतो. डॉक्टर हेडगेवार कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजमधून वैद्यकीची पदवी घेऊन नागपूरला परतले आणि त्यांनी दवाखाना थाटला नाही. आयुष्य राष्ट्राला दिले. पण डॉक्टरसाहेबांनी त्याग केला तो स्वतःचा. दुसऱ्याच्या पगारातून परस्पर कापून घेतलेल्या रकमेला त्याग म्हणत नाहीत. मेळघाटात बैरागडसारख्या दुर्गम गावी वनवासी बांधवांमध्ये आयुष्य घालविणारे डॉ. रवींद्र कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक व्हावे. परंतु प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एकेक कोल्हे मिळतील असे गृहीत धरून शासनाला अंदाजपत्रक करता येत नाही. तीस हजार लोकसंख्येला, डोंगरी व वनवासी भागात वीस हजारांना एक केंद्र, असा निकष आहे. तिथला वैद्यकीय अधिकारी पुष्कळदा आयुर्वेदाचा पदवीधर, पुष्कळदा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. घर गळके, मुलांना शाळा नाही, शवविच्छेदनापासून मंत्र्यांच्या दौऱ्यातील बंदोबस्तापर्यंत सारी कामे त्याच्याच गळ्यात. जुलै २०१४ मध्ये राज्यातील वैद्यकीय अधिकारी, ‘मॅग्मो’ संघटनेचे लोक, संपावर गेले तेव्हा अस्थायी सहकाऱ्यांना कायम करा ही त्यांची एक मोठी मागणी होती. एमबीबीएस झालेल्या मुलाला बंधपत्राने एक वर्ष गावात पाठविता येते, पण दुसऱ्या वर्षी तो स्वेच्छेने राहील असे काही आपण तिथे ठेवले आहे का?

बंधपत्राविषयी एक शब्द डॉक्टरांनाही. शासकीय महाविद्यालयात जनतेच्या पैशावर शिकून, दहा लाख भरले की सुटलो असा हिशेब ज्यांनी केला, त्यांनी आपल्या मागच्या बॅचच्या लढ्याचे फार नुकसान केले. लोक ते विसरत नाहीत.

मुंबईतील के. ई. एम. रुग्णालय आणि त्याचे सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील मानाची पदे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, बहुतांशी गोऱ्या, अधिकाऱ्यांसाठी राखलेली असत. देणगी देताना विश्वस्तांनी अट घातली की इथले अध्यापक भारतीयच असतील. डॉ. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता झाले. भारतीय डॉक्टर कुणाहून कमी नाही हे सिद्ध करण्यासाठी ती वास्तू उभी राहिली. शंभर वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी भारतीय डॉक्टरच्या प्रतिष्ठेसाठी देणगीला अट घातली होती. आज ती प्रतिष्ठा परक्यांकडून नव्हे, आपल्याकडून जपली जायची आहे.

आपल्या हाती काय आहे? परळला नाना पालकर स्मृती समितीने बाहेरगावच्या रुग्णांच्या निवासाची जी व्यवस्था केली, ती आपण जाणतो. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालयही आपल्यासमोर आहे. संस्था काढणे सर्वांना जमणार नाही. पण अपघात विभागाच्या दारात संध्याकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंत दोन कार्यकर्ते उभे राहू शकतात. केस पेपर कुठे काढायचा, रक्त कुठे मिळते, महात्मा फुले योजनेसाठी कोणता कागद लागतो, एवढे नातेवाइकांना शांतपणे सांगणारा माणूस तिथे नसतो. मारहाणीची ठिणगी बहुतेक वेळा मृत्यूने पडत नाही, ती ‘कुणीच काही सांगत नाही’ या भावनेने पडते. एका शहरात आमच्या परिचयातील सात-आठ निवृत्त मंडळींनी असे काम काही महिने करून पाहिले. तिथल्या एका निवासी डॉक्टरने त्यांना सांगितले, काका, तुम्ही असता त्या दिवशी आम्हाला जेवायला वेळ मिळतो.

पत्र पाठविणाऱ्या मुलीचे नाव मी सांगणार नाही. ती आज कुठे आहे हे मला ठाऊक नाही. तिचा तो कागद मी आज सकाळी झेरॉक्स करून आणला आहे. मूळ प्रत माझ्याकडेच राहील. बाहेर पुस्तकांच्या टेबलावर पन्नास प्रती ठेवल्या आहेत. ज्यांना अपघात विभागाच्या कामासाठी नाव द्यायचे असेल त्यांनी तिथेच वहीत नोंद करावी आणि आठवड्यातील कोणता वार जमेल तेही लिहावे. शनिवारी माणसे कमी पडतात.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची खूण केली आहे. प्रश्न असतील तर आधी पुढच्या दोन रांगांतील मंडळींचे घेऊ, त्यांना आठ वाजता पाळीवर जायचे आहे.